उड्डाण फसलं, तर तेही आम्हाला सांगा

प्रति,
मा. डॉ. जितेंद्र सिंह,
राज्यमंत्री, अंतराळ विभाग, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

२ एप्रिल २०२२च्या रात्री आम्ही विदर्भातल्या लोकांनी आभाळातून पेटत्या रेघा सरकताना पाहिल्या. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. ते काय आहे, गावात कुणालाच कळेना. पुढे जाणकारांनी सांगितलं की ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत. ज्यांनी ते वर पाठवलं होतं त्यांनी मात्र गावाला काही कळवलं नव्हतं. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

१८ नोव्हेंबर २०२२ला स्कायरूट या आपल्या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट उडालं, तेव्हा मी वर्गात मुलांना ते अभिमानाने सांगितलं. अग्निकुल या दुसऱ्या खासगी कंपनीचं अग्निबाण रॉकेट तर ऐनवेळी चारदा थांबवावं लागलं आणि ३० मे २०२४ला उडालं. प्रत्येक वेळी ते थांबल्याचं देशाला कळलं, म्हणून कंपनीबद्दलचा आदर वाढलाच.

पण हे सांगणं कंपनीच्या मर्जीवर का सोडायचं? १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खासगी रॉकेटमुळे परदेशात नुकसान झालं, तरी भरपाईची जबाबदारी देशावर येते. म्हणजे आपल्या सगळ्यांवर. आणि त्या कंपनीकडे माहितीचा अधिकार घेऊन आम्हाला थेट जाताही येत नाही.

जपानच्या आयस्पेस या खासगी कंपनीचं यान एप्रिल २०२३मध्ये चंद्रावर आदळलं. महिनाभरात कंपनीने कारण जाहीर केलं: विवराच्या कडेवरून जाताना सॉफ्टवेअरचा उंचीचा अंदाज चुकला, यान जमिनीपासून सुमारे पाच किलोमीटर वर असतानाच आपण उतरलो असं त्याला वाटलं, आणि इंधन संपलं. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे ती. खरं सांगण्याची किंमत तिलाही ठाऊक होती.

साहेब, खासगी उड्डाणांना परवानगी देणारी आपली सरकारी संस्था म्हणजे इन-स्पेस. तिच्या परवानगीतच दोन अटी घाला. उड्डाणाआधी कंपनीने आपलं उद्दिष्ट लेखी जाहीर करावं, म्हणजे नंतर ‘अंशतः यशस्वी’ म्हणून वेळ मारून नेता येणार नाही. आणि फसलेल्या उड्डाणाचा अहवाल ठरलेल्या मुदतीत लोकांपुढे यावा. तंत्रज्ञानाची गुपितं त्यांनी खुशाल राखावीत. काय बिघडलं आणि अवशेष कुठे पडले, एवढं तरी सांगावं. तेही इंग्रजीसोबत तिथल्या लोकांच्या भाषेत.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, चंद्रपूर