रात्री कुठे झोपला होतास?

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

सुटीतला महिना तू प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या हाताखाली काढणार, हे ऐकून फार आनंद झाला. बाबांना वाटतं, तिथे ना यंत्रं, ना तज्ज्ञ. पोरगी शिकणार काय? २९ वर्षं आरोग्यसेविका होते, म्हणून मी लिहिते.

एका पावसाळ्यात माझी रात्रपाळी होती. पहाटे एक आई मुलाला घेऊन आली. पोटात कळा, दोन उलट्या. अंगावर जखम नाही, सूज नाही. मी अजीर्ण समजून गोळी दिली. तेवढ्यात डॉक्टर क्वार्टरमधून आले आणि त्यांनी पोराला एवढंच विचारलं, "रात्री कुठे झोपला होतास?" जमिनीवर. "वर बघ." पापण्या उचलेनात. मण्यार! ती झोपेत चावते, दुखत नाही, दातांची खूणही धड दिसत नाही. लगेच सर्पदंशावरचं प्रतिविष सुरू केलं. जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत जीपमध्ये मी आंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत होते. पोरगा वाचला. पण तो प्रश्न मला सुचला नाही, हे आजही टोचतं.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव तू ऐकलंच असशील. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात ते होते, तेव्हा कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं दगावत. त्यांनी खाटेशेजारी बसून घाम, नाडी, रक्तदाब, गार पडलेले हातपाय, सगळं टिपलं. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने ही माणसं वाचतात, हे त्यातूनच पुढे आलं आणि 'लॅन्सेट'मध्ये छापलं गेलं. तिथे कुठलं मोठं यंत्र होतं?

म्हणून नुसती ओपीडीत बसू नकोस. आशाताईंबरोबर घरोघरी जा. चूल कुठे आहे, पाणी कुठून येतं, बाळंतीण काय जेवली, ते बघ. डॉक्टर काय लिहून देतात त्यापेक्षा आधी काय विचारतात, ते वहीत उतरव. आणि रुग्णाशी बोलताना घाई करू नकोस गं, बायका खरं दुखणं उठता उठता सांगतात.

बॅटरी आणि मच्छरदाणी पिशवीत घातली आहे. खाटेवरच झोप, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोच. बूट सकाळी झटकून घाल.

तुझी,
आई