काट्याशेजारी उभ्या राहणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्या भाजी पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या लेटरहेडवर नाही, हे आधीच सांगतो. गेल्या सर्वसाधारण सभेत तुमच्या आभाराचा ठराव मी मांडला होता. अनुमोदनही मिळालं. मग तुम्हीच लावलेल्या शिस्तीप्रमाणे 'विरोधात कोण?' असं विचारलं, तर मागच्या रांगेतून एक हात वर आला. ज्याच्याबद्दल ठराव आहे त्याला न विचारता तो करायचा नाही, असं ताईच म्हणायच्या, असं त्याचं म्हणणं. झालं. विषय पुढच्या सभेवर गेला. तोवर थांबायचा मला धीर नाही, म्हणून हे माझं एकट्याचं पत्र. उघडं लिहितोय, कारण यात आमच्या चुका बऱ्याच आहेत आणि अशा संस्था चालवणाऱ्या दुसऱ्या कुणाला त्या उपयोगी पडतील.

तुम्ही आलात त्या ग्राहक म्हणून, आठवड्याची भाजीची पेटी न्यायला. पेटी भरेपर्यंत बसा म्हटलं तर बसला नाहीत, काट्यापाशी जाऊन उभ्या राहिलात. आम्हाला वाटलं, बाई चौकस आहेत. थोड्या वेळानं तुम्ही विचारलंत, "रिकाम्या क्रेटचं किती धरता?" मी म्हटलं, दोन किलो, सरसकट. तुम्ही कोपऱ्यातला एक रिकामा क्रेट उचलून काट्यावर ठेवलात. एक किलो सहाशे ग्रॅम. दुसरा ठेवलात, तोही तेवढाच.

म्हणजे दर क्रेटमागे चारशे ग्रॅम माल आम्ही आमच्याच सभासदाचा कापत होतो. व्यापारी वजनात मारतो म्हणून ज्यांनी एकत्र येऊन संस्था काढली, त्यांचाच काटा! कुणी लबाडी केली नव्हती. पहिल्या दिवशी कुणीतरी 'दोन धरू' म्हणालं, तो आकडा भिंतीवर लिहिला गेला आणि भिंतीवरचं कोण तपासतं? वर गंमत अशी की वार्षिक अहवालात 'आपल्याकडे मालाच्या वजनातली तूट फार कमी आहे' असं आम्ही मोठ्या अभिमानानं लिहीत होतो. तूट कुठून भरून निघत होती ते त्या दिवशी कळलं.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी हे पत्र लिहिलं असतं. पण तुम्ही आवक वही मागितलीत. ज्याचं रान मोठं, त्याचा क्रेट वीस किलोचा, ठासून भरलेला. ज्याची तोडणीच थोडी, त्याचा क्रेट आठ किलोचा. वीस किलोत चारशे ग्रॅम गेले तर शंभरात दोन गेले. आठ किलोत चारशे गेले तर शंभरात पाच. "नियम सगळ्यांना सारखाच आहे," आमचे अध्यक्ष म्हणाले. तुम्ही वही त्यांच्याकडे सरकवलीत आणि पेन्सिल दिलीत. त्यांनी स्वतः गणित केलं, मग बराच वेळ बोलले नाहीत. त्या वर्षीचा फरक आम्ही लहान सभासदांना काढून दिला. कोणाला किती द्यायचा हे ठरवायला नऊ संध्याकाळी गेल्या. त्यातल्या सात तुम्ही आमच्याबरोबर बसलात. तोवर तुम्ही सभासदही नव्हता.

रॉचडेलची गोष्ट तुम्ही त्याच संध्याकाळींपैकी एकीला सांगितलीत. इंग्लंडमधल्या त्या गिरणीगावात २१ डिसेंबर १८४४ ला अठ्ठावीस जणांनी, त्यात बरेच विणकर, एक दुकान उघडलं. पीठ, साखर, लोणी, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. पिठात भेसळ आणि मापात पाप ही तेव्हाची रोजची रड. यांनी शुद्ध माल आणि पुरं वजन द्यायचं ठरवलं, दर माणशी एकच मत ठेवलं आणि उरलेला नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटला. सहकाराच्या प्रशिक्षणात मी हे नाव ऐकलं होतं. पण तिथे ते परीक्षेतल्या सनावळीसारखं आलं आणि गेलं. तुम्ही ते काट्याशेजारी सांगितलंत म्हणून लागलं. नफा भागावर, म्हणजे शेअरवर, न वाटता प्रत्येकानं संस्थेला किती माल घातला त्यावर वाटायचा, हा आमचा ठराव त्यानंतरचा. त्या ठरावावर दोघं सभासद अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, ते असो.

आता तो रात्रीचा प्रसंग. बाहेर भाव चढला होता आणि आमच्यातलाच एक जण संस्थेला कबूल केलेला माल रात्रीत बाहेर विकून आला. सकाळी कुजबुज, दुपारी बोभाटा, संध्याकाळी तातडीची सभा. काढून टाका, भाग जप्त करा, तोंडात येईल ते. मीही त्यात होतो, लपवत नाही. दोन तास झाल्यावर तुम्ही त्याला फक्त विचारलंत, "पैसे कधी मिळाले?" तो म्हणाला, तिथल्या तिथे, हातात. "आणि इथे?" तो गप्प. उत्तर मलाच द्यावं लागलं, कारण वही माझ्याकडे होती: एकवीस दिवसांनी. ज्यांना आम्ही माल देतो ते उशिरा देतात, म्हणून आम्ही उशिरा देतो. तोडणीच्या माणसांना मात्र त्याला त्याच संध्याकाळी मजुरी द्यायची होती. भाव हे निमित्त होतं हो, अडचण रोख पैशाची होती. आणि रोख पैशाची अडचण त्याच्या एकट्याची नव्हती. हळूहळू एकेक जण बोलायला लागला, तेव्हा कळलं की मधूनअधून एखादा क्रेट बाहेर देणारे आमच्यात निदान निम्मे होते. हा सापडला एवढंच.

त्यातून उचल सुरू झाली. माल काट्यावर आला की अर्धी रक्कम त्याच दिवशी, उरलेली विक्री झाल्यावर पट्टीबरोबर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीबरोबर. पैसे राखीव निधीतून काढले, म्हणून त्या वर्षी लाभांश नाही. कुरकुर झाली. पण माल बाहेर जाणं जवळजवळ थांबलं. आणि हेही लिहून ठेवतो की त्या माणसाचा दंड तुम्ही माफ करू दिला नाहीत. "अडचण खरी होती आणि शब्दही मोडला होता, दोन्ही लिहा," असं म्हणालात. इतिवृत्तात दोन्ही आहे. दंड त्यानं तीन हप्त्यांत भरला आणि आज तो आमच्या वसुली समितीवर आहे. यावर हसायची आमच्याकडे मुभा आहे, तोही हसतो.

पेट्यांचं मात्र मला अजून टोचतं. आमच्या काही ग्राहक कुटुंबांना पूर्ण रक्कम परवडत नाही, ती अर्धी देतात. काही जण आपणहून जास्त देतात. व्यवस्था चांगली होती आणि आम्हाला तिचा गर्व होता. फक्त अर्धे पैसे देणाऱ्यांच्या पेटीत आम्ही दुसऱ्या प्रतीचा माल घालत होतो: डागाळलेला, बारका, वाकडा. खायला तितकाच चांगला, आणि नाहीतरी तो वाया जायचा. यात वावगं काही आहे असं आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एका सकाळी तुम्ही दोन पेट्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्यात. पॅकिंगच्या बायकांना बोलावलंत आणि विचारलंत, यातली अर्ध्या पैशाची कुठली? सगळ्यांनी एकदम बोट दाखवलं. एकीनं तर झाकण न उघडता दुसऱ्या रांगेतल्या पेट्याही ओळखून दाखवल्या, कारण त्या जुन्या खोक्यांत भरलेल्या असायच्या. तुम्ही म्हणालात, "म्हणजे नेणारीच्या शेजारणीलाही कळतं." आमची सगळ्यात जुनी पॅकिंगवाली खाली मान घालून म्हणाली की तिची स्वतःची बहीण ती पेटी न्यायची आणि मागच्या महिन्यापासून यायची थांबली आहे. का थांबली ते आम्ही कुणी विचारलं नव्हतं. वहीत 'गळती' म्हणून नोंद होती.

दुसऱ्या आठवड्यापासून खोकी एकाच प्रकारची. दुसऱ्या प्रतीचा माल सगळ्यांच्या पेटीत सारखा विभागून. पेटीवर नाव नाही, नंबर. कोण किती देतं ती वही एकाच माणसाकडे, कुलपात. ज्यांनी जास्त पैसे भरले होते त्यांच्यातल्या दोघांनी वाकड्या मालाची तक्रार केली, त्यांना तुम्ही स्वतः भेटलात. एक राहिला, एक गेला. शेतकऱ्यांनी विचारलं की या अर्ध्या पैशाच्या पेट्यांचा भार आमच्यावर का, तेव्हा तुम्ही हिशेब फळ्यावर मांडलात: खड्डा जास्त देणाऱ्यांच्या रकमेतून आणि संस्थेच्या वाढाव्यातून भरायचा, शेतकऱ्याच्या दराला हात लावायचा नाही. लहान शेतकऱ्याला कमी देऊन गरिबाला स्वस्त खायला घालायचं, हा न्याय तुम्हाला मान्य नव्हता. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं अकरावं कलम तुम्ही त्या दिवशी वाचून दाखवलंत. पुरेसं अन्न आणि भुकेपासून मुक्तता हा त्यात माणसाचा हक्क मानला आहे. वाचून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे टेबलावरच्या त्या दोन पेट्यांकडे बघत होते.

ती बहीण पुन्हा यायला लागली, पण चार महिन्यांनी.

तुमचा रागही आला आहे, ताई. आमचं पत्रक छापायला गेलं होतं. 'जगाचं सत्तर टक्के अन्न लहान शेतकरी पिकवतात' असं ठळक अक्षरांत. तुम्ही ते अडवलंत. म्हणालात, हा आकडा सगळीकडे फिरतो, पण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेलं चित्र वेगळं आहे: दोन हेक्टरपेक्षा लहान शेतं संख्येनं सुमारे ८४ टक्के, त्यांच्याकडे शेतजमीन जेमतेम १२ टक्के आणि अन्न साधारण एक तृतीयांश. मी चिडून म्हटलं, आपल्या बाजूचा आकडा आपणच का पाडायचा? तुम्ही शांतपणे उत्तर दिलंत की बारा टक्के जमिनीवर एक तृतीयांश अन्न, यापेक्षा आपल्या बाजूचं आणखी काय हवं आहे तुला? पत्रक पुन्हा छापावं लागलं, पैसे गेले. नंतर एका सभेत समोरच्यानं नेमका तोच सत्तरचा आकडा काढून आम्हाला कोंडीत पकडायचा प्रयत्न केला आणि मी खिशातून नवं पत्रक काढलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

'अन्नसार्वभौमत्व' हा शब्द मात्र तुम्हालाही आमच्या गळी उतरवता आला नाही. व्हिया काम्पेसिना या शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेनं तो १९९६ मध्ये मांडला, इथपर्यंत सगळ्यांनी ऐकून घेतलं, पुढे जांभया सुरू झाल्या. मग तुम्ही शब्द सोडून दिलात आणि 'काय पिकवायचं हे कोण ठरवतं?' एवढंच विचारलंत. त्यावर रात्रीचे अकरा वाजले.

आणि फॅनी लू हेमर. अमेरिकेतल्या मिसिसिपीत मळ्यावर राबणारी कृष्णवर्णीय बाई. १९६२ मध्ये मतदार नोंदणीला गेली म्हणून मालकानं मळ्यावरून काढलं. १९६९ मध्ये तिनं फ्रीडम फार्म ही सहकारी शेती उभी केली, भुकेल्या कुटुंबांनी स्वतःचं अन्न पिकवावं म्हणून. तिथे डुकरांची 'बँक' होती: कुटुंबाला मादी द्यायची, पिल्लं झाली की त्यातली काही बँकेत परत, ती पुढच्या कुटुंबाला. आमच्या बियाण्याच्या पेढीची कल्पना तिथूनच उचलली. पण गोष्ट तुम्ही तिथे संपवली नाहीत. ती संस्था सत्तरच्या दशकातच बंद पडली, पैसा पुरला नाही, हेमर स्वतः आजारी होत्या, हेही सांगितलंत. कुणीतरी म्हणालं, मग सांगितलीत कशाला? तुम्ही म्हणालात, "सात वर्षं लोक जेवले की."

एकदा तुम्हीही चुकलात. हिशेब सगळ्यांना कळावा म्हणून तुम्ही चार पानी ताळेबंद छापून वाटलात. सुंदर होता. मागच्या बाकावरची एक आजी तो उलटा धरून बसली होती. सभा संपल्यावर ती तुम्हाला म्हणाली, "बाई, आम्हाला वाचून दाखव ना." पुढच्या महिन्यापासून जमाखर्च मोठ्यानं वाचायचा, आणि तोटा आधी वाचायचा, हा नियम झाला. तो तुमच्या नावावर सांगितला जातो, पण तो आजीचा आहे. तुम्ही दर वेळी ही दुरुस्ती करायचात, म्हणून मीही करतोय.

तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात, जाताना हार घालू दिला नाहीत, वह्या मात्र तीनदा मोजून दिल्यात. काट्याजवळ आता दर आठवड्याला एक सभासद पाळीनं उभा राहतो, ज्याचा माल नाही असा. सुरुवातीला लोकांना ते अवघडल्यासारखं व्हायचं. आता पाळी चुकली तर भांडतात.

मनापासून आभार, ताई. ठरावाचं पुढच्या सभेत बघू. तुम्ही यावं, आणि विरोध करायचा असेल तर समोर येऊन करावा.

तुमचा,
वही सांभाळणारा

ता. क. नवे क्रेट आले आहेत. दहा तोलून पाहिले, सहा एक वजनाचे आणि चार दुसऱ्या. भिंतीवरचा जुना आकडा पुसलाय, नवा अजून लिहिलेला नाही. तूर्त प्रत्येक क्रेट वेगळा तोलतोय, फार वेळ जातो. काय करावं ते कळवा.