पॅनल ऑटोमॅटिक, स्विच मॅन्युअलवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिंगणा एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या एका छोट्या कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. बिल वाढलं की आपल्याकडे पहिली बोंब दरवाढीची होते, आमच्या मालकांनीही तीच मारली, पण आमचं बिल वाढलं होतं ते आमच्याच भिंतीला लागलेल्या एका डब्ब्यामुळे, म्हणून हे पत्र.

डब्बा म्हणजे एपीएफसी (ऑटोमॅटिक पॉवर फॅक्टर करेक्शन) पॅनल, ज्याला सगळे नुसतं कपॅसिटर पॅनल म्हणतात. मोटर फिरायची तर आधी तिच्यात चुंबकीय क्षेत्र तयार व्हावं लागतं, त्यासाठी ती लाइनमधून करंट उचलते अन् लगेच परत करते, सेकंदाला १०० वेळा, म्हणजे शेजारून वाटीभर साखर आणायची अन् न वापरता तशीच नेऊन द्यायची. काम काहीच नाही, पण येणंजाणं तर झालंच ना, केबल तापते, ट्रान्सफॉर्मरमधली जागा अडते. उचललेल्या विजेपैकी खऱ्या कामाला लागणारा हिस्सा म्हणजे पॉवर फॅक्टर. १०० किलोवॅटचा लोड ०.८ पॉवर फॅक्टरवर असला तर लाइनमधून १२५ केव्हीए (काम अन् येणंजाणं मिळून एकूण) लागतात, तोच ०.९९ वर आणला तर १०१. कपॅसिटर मोटरच्या बरोब्बर उलट वागतो, ती मागते तेव्हा देतो, ती परत करते तेव्हा ठेवून घेतो, म्हणजे उसनवारीसाठी दरवेळी पार कोराडीच्या वीज केंद्रापर्यंत जायला नको, बाजूच्याच घरी भागतं. वरच्या हिशेबात त्यासाठी साधारण ६० केव्हीएआर (कपॅसिटरचं माप) लागतील.

आता लोड काही एकसारखा राहत नाही, जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या मशिनी बंद. म्हणून पॅनलमध्ये रिले असतो. इनकमरच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मुख्य लाइनच्या, एका फेजवर सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवलेला, तो करंट सांगतो, व्होल्टेज उरलेल्या दोन फेजमधून, त्यावरून रिले पॉवर फॅक्टर काढतो अन् कपॅसिटरची एकेक बँक (गट) आत घेतो किंवा बाहेर काढतो. काढलेली बँक लगेच परत घेत नाही, आधी ती डिस्चार्ज होऊ देतो, नाहीतर झटका बसून कॉन्टॅक्टर (बँक चालू-बंद करणारे स्विच) चिकटतात. सीटी मात्र लोड अन् कपॅसिटर दोघांच्याही आधी हवा. तो नुसता लोडच्या केबलवर चढवला तर रिलेला स्वतःचे कपॅसिटर दिसतच नाहीत अन् तो बिचारा सगळ्या बँका आत ओढत राहतो. हा घोळ मी दोन ठिकाणी पाहिलाय.

आमच्याकडे सीटी बरोबर होता. एका सोमवारी चौकीदार म्हणाला, "साहेब, कंपनी बंद असली तरी हा डब्बा घूं घूं करून राहते." पॅनल उघडून पाहतो तर सिलेक्टर स्विच मॅन्युअलवर, म्हणजे रिलेचं काही चालतच नव्हतं, अन् २५-२५ केव्हीएआरच्या दोन बँका चालू! मागच्या सर्व्हिसिंगला ठेकेदाराच्या पोराने टेस्टिंगसाठी फिरवला अन् तसाच सोडून गेला, अन् आम्हीही तीन महिने दार उघडलं नाही.

एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे येणंजाणं धरून, बिल येतं अन् त्यात लीडिंगही, म्हणजे कपॅसिटर जास्त झाल्याने होणारं उलटं येणंजाणंही, मोजलं जातं, हे कित्येकांना अजून माहीतच नाही. रविवारी आमचा लोड म्हणजे दिवे अन् चौकीदाराचा कूलर धरून ६ किलोवॅट, त्यावर ५० केव्हीएआर कपॅसिटर लटकलेले. ट्रान्सफॉर्मर त्यातलं थोडं खातो ते सोडा, तरी २४ तासांत खरी वीज दीडशे युनिटही नाही अन् मीटरवर केव्हीएएच हजाराच्या आसपास. पॉवर फॅक्टर सुधारायला घेतलेल्या वस्तूने तोच बिघडवला.

त्याच दिवशी क्लॅम्पमीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) लावून बाकीच्या बँकाही तपासल्या. २५ केव्हीएआरला ४४० व्होल्टवर ३३ अँपिअरच्या जवळपास यायला पाहिजे, एका बँकेत एका फेजला १४ आले, म्हणजे कपॅसिटर निकामी झालेला. नागपूरचा मे महिना, पत्र्याचं शेड, त्यात पॅनलचा पंखा धुळीने जाम, तो बिचारा किती दिवस टिकणार?

घरी प्लगमध्ये खोचायचे 'पॉवर सेव्हर' विकतात ते याच नावावर, पण घरचं मीटर किलोवॅट तासच मोजतं, तेव्हा तिथे पैसे घालू नका.

ठेकेदार मंडळींना एवढंच सांगणं आहे की पॅनल देताना दाराच्या आतून मराठीत एक कागद चिकटवून द्या, सीटी कुठे आहे, रिलेवर पॉवर फॅक्टरचं टार्गेट किती ठेवलंय, कोणत्या बँकेचा करंट किती यायला पाहिजे. अन् पत्र छापणार असाल तर उन्हाळ्याच्या आधी छापा, म्हणजे लोक पंखे तरी साफ करून घेतील.

आपला,
एक वाचक, हिंगणा रोड, नागपूर