पैसे आईचे आहेत, हे फक्त तुमच्या लक्षात आलं

आयकर सेवा केंद्रातल्या त्या खिडकीवरच्या दादांना,
सप्रेम नमस्कार.

पत्राला उशीर झाला. आईच्या खात्यात रिफंड जमा होऊन तीन आठवडे झाले, पण लिहायला बसलं की गळा दाटून यायचा. आम्ही तुम्हाला आठवणारही नाही कदाचित. कापडी पिशवीत कागद घेऊन आलेली ७४ वर्षांची बाई आणि तिच्यासोबतची वैतागलेली मुलगी, त्या आम्ही.

रक्कम ११,३४० रुपये. बाबा गेल्यावर ठेवी आईच्या नावावर झाल्या, त्या गडबडीत १५एच, म्हणजे 'मला कर लागत नाही, व्याजातून कापू नका' असं ज्येष्ठांनी बँकेला द्यायचा फॉर्म, भरायचा राहिला आणि बँकेने व्याजातून १० टक्के कर आधीच कापून घेतला, तोच टीडीएस. तिला कर लागतच नव्हता, म्हणून सगळी रक्कम परत मिळायची होती. विवरणपत्र जुलैतच भरलं होतं, ओटीपीने पडताळणीही झाली होती. पैसे मात्र नाहीत.

ज्यांना फी मोजून काम दिलं होतं ते सल्लागार दर वेळी एकच सांगायचे, "सगळं बंगळुरूला होतं ताई, आपल्या हातात काही नाही." बँकेतल्या बाईंनी मानही वर न करता "आयकरवाल्यांना विचारा" म्हणून वाटेला लावलं. आठ महिने गेले. तुमच्याकडे आलो तेव्हा कळलं, विवरणपत्रं तपासणाऱ्या बंगळुरूच्या केंद्राने प्रक्रिया केव्हाच पूर्ण केली होती आणि तपासणीचा निकाल कळवणारी १४३(१) ची सूचना ई-मेलवर येऊन पडली होती. तो ई-मेल सल्लागारांनी स्वतःचाच दिलेला. एकदा उघडून बघितला असता तरी पुरे होतं! त्यांच्यावरचा राग माझा अजून गेलेला नाही.

आणि दादा, या आठ महिन्यांत जो तो माझ्याशीच बोलायचा. "यांचं पॅन द्या", "यांना ओटीपी आलाय का बघा". आई शेजारी बसलेली असताना! तुम्ही पहिला प्रश्न तिला विचारलात, "आजी, पासबुक आणलंय का?" मग स्क्रीन तिच्याकडे वळवलीत, अक्षरं मोठी केलीत. एका कोऱ्या कागदावर तिचं नाव दोनदा लिहिलंत, एकाखाली एक. वर पॅनवरचं, खाली बँकेतलं. बँकेतल्या नावाला 'बाई' जोडलेलं होतं, पॅनवर नव्हतं. त्या 'बाई'भोवती पेनाने गोल केलात आणि म्हणालात, "एवढ्यासाठी खातं आयकराच्या पोर्टलवर पडताळलं गेलं नाही, म्हणून पैसे परत गेले. तुमचं काही चुकलेलं नाही, आजी."

आईने त्या गोलावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. तुम्हाला कसं ठाऊक असणार, पण आपलीच सही कुठेतरी चुकली असेल या काळजीने ती रात्री उठून पिशवीतले कागद पुन्हा पुन्हा लावत बसायची.

पुढचं तुम्ही सांगितलंत तसंच झालं. बँकेत नाव दुरुस्त झालं, खातं पडताळलं गेलं, रिफंड पुन्हा पाठवायची विनंती केली आणि पैसे आले, व्याजासकट. ते व्याज पुढच्या विवरणपत्रात दाखवायचं, हेही तुम्ही तिलाच सांगितलंत. निघता निघता तिने मोबाइलवरचा एक मेसेज दाखवला, 'रिफंड मंजूर, लिंक दाबा'. तो खोटा आहे, आयकर खातं असा पिन किंवा ओटीपी कधी मागत नाही, हे सांगून तो तुम्ही तिच्याच हाताने पुसायला लावलात.

आमच्या मागे मोठी रांग होती. तरीही तुमच्या आवाजात घाई नव्हती. अशी माणसं खिडकीपलीकडे बसलेली असतात म्हणून तर म्हातारी माणसं अजून कागद घेऊन घराबाहेर पडायचं धाडस करतात, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या घरच्यांना आमचा नमस्कार सांगा. ज्यांनी तुम्हाला असं बोलायला शिकवलं, त्यांनाही.

एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आई १५एच भरायला बँकेत गेली. मी येऊ का म्हटलं, तर म्हणाली, "नको. आता मला कळतं सगळं." तुमचा तो कागद पासबुकच्या कव्हरात घडी करून ठेवलेला होता.

तुमची ऋणी,
त्या आजींची मुलगी