पीसीओएसवाल्या बायकांना पहिल्याच पायरीला आयव्हीएफ का दाखवता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाढत्या वंध्यत्वावर पानभर लेख आला होता. त्यात मुलींची उशिरा लग्नं, करिअर, बाहेरचं खाणं, मोबाईल असं सगळं आलं आणि शेवटी एकदम आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून पोटात सोडण्याच्या टेस्ट ट्यूब बेबीची माहिती. त्याच पानावर खाली दोन जाहिराती, एक आयव्हीएफ सेंटरची आणि दुसरी पीसीओडी (म्हणजे पीसीओएसच, हार्मोन बिघडून पाळी चुकण्याचा बायकांचा आजार) मुळापासून बरा करून गोड बातमीची खात्री देणाऱ्या काढ्याची. पेपर आमच्या घरात सगळे वाचतात, सासूबाई, जाऊबाई, दीर, सगळे. त्या एका पानानं घरात जे बोलणं सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही, म्हणून लिहितेय.

माझं लग्न तेविसाव्या वर्षी झालं. शेतकरी घर आहे, करिअरच्या मागं लागायला मला कुणी सवडच दिली नव्हती. पाळी मात्र शाळेत असल्यापासून कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी, हनुवटीवर केस, मानेवर काळपटपणा, आणि आई म्हणायची लग्न झालं की सगळं जागेवर येतं. आमच्या तालुक्यात अशा कितीतरी जणी आहेत, पण बोलणार कोण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या १०० बायकांमागं १० ते १३ जणींना पीसीओएस असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत जणींना तो आहे हे कळलेलंच नसतं. लग्नाचं वय आणि करिअर यावर इतकं लिहिलंत, तर पाळी वर्षानुवर्षं चुकत असेल तर मुलीला लग्नाआधीच दाखवा एवढं एक वाक्य तरी हवं होतं की नाही?

आता आजार काय आहे ते. दर महिन्याला बीजकोशात एक बीज वाढून फुटायला पाहिजे, पीसीओएसमध्ये बीजं अर्धवट वाढून तिथंच थांबतात आणि सोनोग्राफीत त्याच बारीक बारीक पिशव्या दिसतात. "गाठी झाल्यात, ऑपरेशन करून काढून टाका" असं मला किती जणींनी सांगितलंय, पण त्या तसल्या काढून टाकायच्या गाठी नसतातच. आतमध्ये इन्सुलिन आणि पुरुषी हार्मोन दोन्ही वाढलेले असतात म्हणून बीज फुटत नाही. म्हणजे बहुतेक जणींच्या बाबतीत बीजं भरपूर असतात, अडतं फक्त फुटण्यापाशी, आणि फुटण्यासाठी गोळ्या आहेत! ही गोष्ट तुमच्या पानभर लेखात कुठंच नव्हती.

लेट्रोझोल नावाची गोळी आहे, मुळात स्तनाच्या कॅन्सरसाठी काढलेली. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायची असते. अमेरिकेत ७५० पीसीओएसवाल्या बायकांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१४ साली छापून आला, त्यात बीज फुटण्याच्या जुन्या क्लोमिफिन गोळीवर १९ टक्के बायकांना मूल झालं आणि लेट्रोझोलवर साडेसत्तावीस टक्के. आपल्याकडं २०११ मध्ये सरकारनं वंध्यत्वासाठी हिच्यावर बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये ज्यांचं बीज फुटत नाही आणि बाकी काही दोष नाही अशा पीसीओएसवाल्यांसाठी पहिलं औषध हेच सांगितलंय. ते जमलं नाही तर मग इंजेक्शनं किंवा दुर्बिणीतून ऑपरेशन, आणि आयव्हीएफ त्याच्याही नंतर.

मला काय अनुभव आला? शहरातल्या एका मोठ्या सेंटरला गेलो, पहिल्याच भेटीत समोर पॅकेजचा कागद, लाखाच्या वरचा. नवऱ्याची तपासणी झालेली नव्हती, माझ्या ट्यूब (गर्भनलिका) उघड्या आहेत की नाहीत बघितलं नव्हतं, शुगर बघितली नव्हती, तरी आयव्हीएफची तारीख घ्या म्हणाले. दीर तर एक एकर विकायला तयार झाले होते. ते आमच्या भल्यासाठीच म्हणत होते, पण जमीन गेली की गेली, ती काय परत येते?

आयव्हीएफच्या विरोधात मी अजिबात नाही. मुंबईत १९८६ साली केईएम हॉस्पिटलात, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमनं टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली, याचा मराठी माणसाला अभिमानच वाटायला पाहिजे. ट्यूब बंद असतील, शुक्राणू फारच कमी असतील, आधीचे उपाय करून झाले असतील तर आयव्हीएफ लागतंच. पण पीसीओएसवालीला त्यात धोकाही जास्त असतो, इंजेक्शनांनी एकदम खूप बीजं वाढतात, पोटात पाणी होतं, श्वास लागतो, कधी ॲडमिट करावं लागतं. हे टाळायचे मार्ग डॉक्टरांकडं आहेत, औषधाची पद्धत बदलतात, गर्भ गोठवून ठेवून पुढच्या महिन्यात सोडतात, पण असा धोका आहे हे पॅकेजच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

आणि नवऱ्याच्या तपासणीचं तर मी किती सांगू. वीर्याची एवढीशी साधी टेस्ट, पण गावात बाईला पाच वर्षं देव, देवऋषी, काढे, उपास सगळं करायला लावतात आणि पुरुषाला लॅबमध्ये जा म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. माझे मिस्टर गेले, कुरकुर न करता गेले, म्हणून आमची गाडी पुढं तरी सरकली. पेपरनं हे ठळक अक्षरात छापावं, कारण सुनेनं सांगितलेलं घरात ऐकत नाहीत पण पेपरातलं ऐकतात.

आता खरी अडचण. गोळ्या स्वस्त आहेत पण फॉलिक्युलर स्टडी लागते, म्हणजे पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी, बीज १८ ते २० मिलीमीटरचं झालं की ते फुटण्याचं इंजेक्शन. आम्हाला त्यासाठी सोलापूरला जावं लागतं, सकाळची एसटी, दिवसभराचा रोजगार बुडतो, आणि दर वेळी घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. सोनोग्राफी मशीन तालुक्याला सरकारी दवाखान्यातही आहे, पण ते गरोदर बायकांसाठी, तेही ठरलेल्या वारी. आठवड्यातले दोन-तीन दिवस सकाळचा तासभर फॉलिक्युलर स्टडीला दिला, लेट्रोझोल तिथंच मिळाली, नवऱ्याची टेस्ट तिथंच झाली, तर कितीतरी जोडप्यांना शहर गाठायचीच गरज पडणार नाही. गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात २०२३ पासून आयव्हीएफसुद्धा मोफत करतात, मग आपल्याला गोळी आणि सोनोग्राफी तालुक्याला द्यायला काय हरकत आहे? आयुष्मान भारतमध्ये वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत, म्हणजे गरिबाला कार्ड असून उपयोग नाही.

राहिला तुमच्या जाहिरातींचा विषय. १९५४ चा औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्यात बायकांचं वंध्यत्व आणि पाळीच्या तक्रारी औषधानं बऱ्या करतो अशी जाहिरात करायलाच मनाई आहे. मग तो काढा तुमच्या पानावर आला कसा? माझ्या जाऊबाईंच्या बहिणीनं असाच एक काढा वर्षभर घेतला, त्या वर्षात एकदाही डॉक्टरकडं गेली नाही, आता वय पस्तिशीच्या पुढं गेलंय. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरला दाखवायचं असतं, पस्तिशीनंतर सहाच महिन्यांत, आणि पाळीच येत नसेल तर थांबायचंच नाही. ते वर्ष तिला कोण भरून देणार?

माझी ट्रीटमेंट अजून चालू आहे. वजन थोडं उतरवलंय, पाच टक्के उतरलं तरी काही जणींची पाळी सुधारते असं डॉक्टर म्हणाल्या, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी आणि फॉलिक ॲसिड घेतेय, आणि बीज आता फुटतंय. पुढं काय होईल ते होईल.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत सरकारी दवाखान्यातल्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पीसीओएसच्या उपचारांच्या पायऱ्या क्रमानं लिहून घ्या, नवऱ्याच्या टेस्टसकट, आणि वाचकांचे प्रश्न नाव न छापता घ्या. काढ्याची जाहिरात त्या पानावर नको.

आपली,
एक वाचक, मंगळवेढा तालुका, जि. सोलापूर
(कृपया नाव छापू नये)