मर लागल्यावर आळवणी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या कृषी पानावर सल्ला आहे की, तुरीची झाडे मर रोगाने वाळताना दिसताच बुरशीनाशकाची आळवणी करावी, म्हणजे औषधाचे पाणी बुडाशी ओतावे. वाचून राहवले नाही. मर रोगाची बुरशी फ्युजॅरियम मुळांतून शिरून खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढते. झाड मान टाकते तोवर त्या तुंबलेल्या असतात. खोड उभे चिरा, आत काळपट रेघ दिसेल. अशा झाडाच्या बुडाशी औषध ओतून ते उठत नाही.

माझ्या धाकट्या भावाने ऐन फुलोऱ्यात हेच केले. औषध गेले, मजुरी गेली, आणि वाळलेल्या झाडांचा चट्टा बांधापर्यंत पोचला. खरे नुकसान पेरणीलाच झाले होते. दुकानदाराने कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकत्र बियाण्याला चोळायला सांगितले. कार्बेन्डाझिम बुरशी मारते आणि ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे! विकत आणलेली मित्रबुरशी घमेल्यातच मेली. पुडीही मुदत संपलेली, पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेली. जिवंत वस्तू अशी विकतात आणि कोणी विचारत नाही, याचा मला संताप येतो.

ट्रायकोडर्माचे काम पेरणीआधी सुरू होते. शेणखतात मिसळून, ओल राखून ती वाढवावी लागते. मग ती मुळांभोवती आधी जागा धरते, फ्युजॅरियमच्या तंतूंना विळखा घालून त्यांची भित्तिका विरघळवते. कोरड्या, खत न पडलेल्या रानात ती टिकत नाही. रोगाची बुरशी मात्र धसकटांत तीन-तीन वर्षे तग धरते. म्हणून तुरीवर तूर नको. आमचे वडील तुरीत ज्वारी घेत, आणि ज्वारीच्या आंतरपिकाने मर कमी राहते हे प्रयोगांतही दिसले आहे. बदनापूरचे संशोधन केंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या बीएसएमआर ७३६ या मर-प्रतिकारक वाणाचे नावही तुमच्या लेखात नाही. आळवणीला मात्र अर्धा रकाना दिलात.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो मरीचा नाहीच. फुले-शेंगा नसलेले, बारीक फिकट पानांचे ते झुडूप वांझ रोगाचे आहे. तो विषाणूमुळे होतो आणि कोळी ही सूक्ष्म कीड तो पसरवते. बुरशीचा तिथे संबंध नाही. फोटो पाहून कोणी वांझ तुरीला बुरशीनाशक घालील. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
एक तूर उत्पादक, जि. जालना