डॉ. इंग्रिड शेफर यांस, फोंड्याहून

प्रिय डॉ. शेफर,

सप्रेम नमस्कार. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहते आणि मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तुमची-माझी ओळख नाही. हे पत्र मुद्दाम मराठीत लिहिते आहे, कारण ते माझ्या सासूबाईंनी आणि आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनीही वाचायला हवं. तुम्ही तिकडे ऑस्ट्रेलियात आकडीच्या आजारावर, म्हणजे अपस्मारावर संशोधन करता, आणि त्यातूनच माझ्या लेकीच्या आजाराचा आम्हा तिघींवरचा आळ काढलात.

माझी लेक आता सात वर्षांची आहे. चौथ्या महिन्यात तिला लस टोचून आणली, त्याच संध्याकाळी अंग तापलं आणि डावा हात झटके देऊ लागला. मग डावा पाय, मग डोळे वर. शेजारच्या काकींनी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणीतरी चप्पल आणली. मी तिला पोटाशी धरून गाडीत बसले आणि समोरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालेली आकडी साडेसहा वाजून गेले तरी थांबत नव्हती. पुढच्या महिन्यात सर्दीचा ताप आला तेव्हा उजवी बाजू. तिसऱ्या वेळी तापही नव्हता. सासूबाई न्हाणीत पाय पसरून बसल्या होत्या, मुलगी पायांवर पालथी, भाणातल्या कढत पाण्यात नेहमीसारखं विसण घातलेलं. तिसऱ्या तांब्याला ती त्यांच्या पायांवरच ताठ झाली.

एमआरआय स्वच्छ निघाला, मेंदूतल्या विजेची नोंद घेणारा ईईजीही स्वच्छ. घरात मात्र कारणं पुष्कळ होती. कालनिर्णयावर मी आकडीच्या दिवशी लाल खूण करायचे. सासूबाई त्या खुणांमध्ये अमावास्या शोधायच्या, मी लशीची तारीख शोधायचे. नातेवाइकांनी माझी चूक काढली ती ग्रहणाच्या दिवशी गरोदरपणी विळीवर बसल्याची. सासूबाईंवर गरम पाण्याचा ठपका आला. आणि सिस्टरवर मी स्वतः आळ घेतला. बाजारात समोर आल्या तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. दोषी ठरलेल्या आम्ही तिघीही बायकाच होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

लेक दीड वर्षाची असताना एका रुग्णालयात तिला कार्बामाझेपिन सुरू झालं. अपस्मारावरचं नेहमीचं औषध, देणाऱ्याने चांगल्यासाठीच दिलं. पण आकड्या वाढल्या. म्हणून डोस वाढवला, तर त्या आणखी वाढल्या. एका आठवड्यात कॅलेंडरच्या एकेका चौकोनात तीन-तीन खुणा होत्या आणि चालायला लागलेली पोर पुन्हा भिंतीला धरून उभी राहू लागली.

तिसऱ्या वर्षी बेंगळुरूच्या एका डॉक्टरांनी तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी करायला सांगितली. अहवालात लिहिलं होतं: एससीएन१ए. त्यांनी पाटीवर शिकवावं तसं समजावलं. मेंदूतल्या पेशींच्या भिंतीत सोडियम आत सोडणारी दारं असतात, त्यांतलं एक दार कसं घडवायचं याची कृती या जनुकात लिहिलेली असते. सुमारे दोन हजार शब्दांचं लांबलचक वाक्यच ते. माझ्या लेकीत ते वाक्य पुरं व्हायच्या आधीच पूर्णविराम पडला होता. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच चालते, म्हणून दारं निम्मीच. ही कमतरता मुख्यतः ज्या पेशी इतर पेशींना आवर घालतात त्यांना भोवते. ब्रेकच लागत नाही, मग मेंदूत वणवा पेटतो. कार्बामाझेपिन असलेली दारंही अडवतं, म्हणून ते औषध या मुलांना उलटतं. आजाराचं नाव ड्रॅव्हे सिंड्रोम, शार्लोट ड्रॅव्हे या फ्रेंच डॉक्टर बाईंनी १९७८ मध्ये तो पहिल्यांदा मांडला.

मग आम्हा दोघांचं रक्त तपासलं. माझ्यात नाही, यांच्यातही नाही. हा बदल आमच्या लेकीतच नव्याने झाला होता. "लस मग कशाला दोषी?" असं डॉक्टर म्हणाले आणि टेबलावर एक छापील लेख ठेवला. तुमचा आणि तुमचे सहकारी डॉ. सॅम्युएल बर्कोविक यांचा, २००६ सालचा, 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकातला.

तो मी डिक्शनरी घेऊन चार रात्रींत वाचला. डांग्या खोकल्याच्या लशीने मेंदू बिघडला असं ज्यांच्याबद्दल मानलं जात होतं अशी १४ माणसं तुम्ही पुन्हा तपासलीत. त्यांतल्या ११ जणांत एससीएन१ए बदललेला निघाला. ज्यांच्या आई-वडिलांचं रक्त मिळालं, त्या सगळ्यांत तो बदल नवाच होता, माझ्या लेकीसारखा. म्हणजे सुई टोचायच्या कितीतरी आधी, जन्माच्याही आधी ते लिहिलं गेलं होतं. याच लशीच्या भीतीने ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात लसीकरण निम्म्याहून खाली आलं आणि डांग्या खोकल्याच्या साथी परतल्या, हे मला नंतर कळलं.

आपल्याकडे 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' म्हणतात. पण इथे कावळ्याचा फांदीशी काहीच संबंध नव्हता असंही तुम्ही म्हणत नाही, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं. लशीने ताप येतो आणि या मुलांना ताप सोसत नाही. कढत पाणीही सोसत नाही. तुमच्या गटाने पुढे २०१० मध्ये दाखवलं की लशीनंतर पहिली आकडी थोडी लवकर दिसू शकते, पण मुलाचं पुढे जे होतं त्यात फरक पडत नाही, म्हणून लस थांबवू नये. आमच्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत, निमित्त आणि कारण. मुलांना वर्गात त्यांतला फरक मी वर्षानुवर्षं शिकवत आले आणि स्वतःच्या घरात तीन वर्षं विसरले. निमित्त तीन-तीन होती, सिस्टरची सुई त्यांतलं एक. कारण एकच होतं आणि ते कुणाच्याच हातातलं नव्हतं.

तुमचं बाकीचं काम मला जेवढं कळलं त्यातही हाच स्वभाव दिसतो. झोपेत हातपाय झाडणाऱ्या, ओरडून उठणाऱ्या माणसांना वाईट स्वप्नं पडतात किंवा त्यांच्या मनाचं काही बिघडलंय असं समजलं जायचं. तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची हकीकत मांडून दाखवलंत की तो अपस्मार आहे, आणि १९९५ मध्ये त्याच कुटुंबातून अपस्माराचं पहिलं जनुक सापडलं. १९९७ मध्ये तुम्ही तापातल्या आकड्यांची घराणी अभ्यासलीत. तशाच घराण्यांत २००० साली एससीएन१ए हाती लागलं, आणि तो धागा धरून २००१ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या संशोधकांनी ड्रॅव्हेच्या तपासलेल्या सातही मुलांत त्यातला बदल शोधला. म्हणजे बेंगळुरूच्या त्या कागदावर जे नाव छापलं होतं, त्याचा माग तुम्ही लोकांच्या आठवणी ऐकत ऐकत काढला होता. कोणाच्या आजीला लहानपणी तापात आकडी यायची का, हे विचारायला आधी आजी महत्त्वाची वाटावी लागते.

लेक बरी झालेली नाही. कार्बामाझेपिन बंद झालं, आता वॅलप्रोएट आणि क्लोबाझम ही औषधं चालू आहेत. शब्द उशिराने आले, चाल अजून थोडी वाकडी आहे. मे महिन्यात दुपारी तिला बाहेर नेत नाही, ताप चढू देत नाही. माझ्या पर्समध्ये आकडी थांबवणाऱ्या मिडाझोलमचा, नाकात मारायचा स्प्रे असतो आणि आकडी आली की मी मोबाइलवर वेळ लावते. पाच मिनिटं झाली की स्प्रे. पण गेल्या महिन्यात कालनिर्णयावर दोनच खुणा होत्या.

धाकट्याच्या वेळी डॉक्टरांनी धोका फार कमी आहे, पण अगदी शून्य नाही, असं सांगितलं होतं. त्याच्या लशीच्या पहिल्या तारखेला मी आरोग्य केंद्रात गेले आणि सिस्टरना सगळं सांगितलं, रस्ता ओलांडल्याचंही. त्यांनी काहीच म्हटलं नाही. बाळाची मांडी पुसली, सुई दिली, कार्डावर तारीख घातली आणि मग कार्ड हातात तसंच धरून म्हणाल्या, "त्या दिवसानंतर तुमच्या वाड्यावर यायला मला भीती वाटायची."

सासूबाई अजूनही नातीला स्वतःच न्हाऊ घालतात. आता आधी कोपर बुडवून पाणी बघतात, कोमट असलं तरच तांब्या उचलतात. काल मी हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. येत्या रविवारी म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात तुमच्या नावाने नारळ ठेवायचा आहे, गाऱ्हाण्यात नाव चुकायला नको, म्हणून त्यांनी मला ते तीनदा म्हणायला लावलं आणि मग स्वतः म्हणून पाहिलं.

आपली कृतज्ञ,
एक आई